मागच्या अंगणातलं ठिपक्यांचं दांडकं

अनोळखी झाड दिसलं की पानाचा फोटो काढायचा आणि गुगल लेन्सपुढे धरायचा, एवढंच आता आपल्याला जमतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंसुद्धा. टाकळा, एकदांडी, घाणेरी, रानमोडी, गाजरगवत ही मंडळी सगळीकडे इतकी माजलीयत आणि त्यांचे फोटो इंटरनेटवर इतके ढिगाने पडलेत की ॲप डोळे झाकून ओळखतं. पण एखादं झाड असं निघतं की वर्षातले काही महिने ते नुसतं पान असतं, काही दिवस नुसतं फूल असतं, आणि उरलेला वेळ जमिनीच्या वर नसतंच. अशाला एका फोटोत कसं पकडणार? आमच्या मागच्या अंगणात गेल्या पावसाळ्यात असलंच एक उगवलं आणि त्याची ओळख पटायला यंदाचा जून उजाडला. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

आधी जागा सांगते. आम्ही राहतो नेरळजवळ. बिल्डरने डोंगराच्या पायथ्याचा तुकडा सपाट करून रो हाऊस बांधली, आमचं घर शेवटच्या ओळीत, म्हणजे मागे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे अजून थोडं रान शिल्लक आहे, साग, ऐन, करवंदाच्या जाळ्या आणि त्यावर माथेरानचा डोंगर. मी मूळची लातूरकडची. तिकडचं पावसाळ्यात उगवणारं मला बऱ्यापैकी कळतं, तरोटा, पाथरी, घोळ, कुंजीर, कशाची भाजी करायची आणि काय जनावरांपुढे टाकायचं हे आईने शेतातच शिकवलं. पण इकडचा पाऊस वेगळा, माती वेगळी, त्यामुळे इथे दर जुलैत निम्म्या गोष्टी मला नव्या असतात. आणि माझी सवय अशी की नाव कळल्याशिवाय उपटायचं नाही. यावरून माळीदादांचं आणि माझं दरवर्षी वाजतं, कारण त्यांच्या मते लावलेलं नाही ते सगळं तण.

तर भिंतीच्या कडेला, कंपोस्टच्या ड्रमपासून हातभर अंतरावर, एक दांडा वर आला. एकच. अंगठ्याएवढा जाड, हिरवट करडा, त्यावर पांढुरके आणि काळपट असे अनियमित ठिपके, कुठे बारीक तर कुठे दोनतीन एकत्र मिसळून मोठा डाग झालेला. वर टोकाला गुंडाळी होती ती दोनचार दिवसांत उलगडली आणि छत्री उघडावी तसं पसरलं सगळं. टोकाला तीन फाटे, प्रत्येक फाट्याला पुन्हा फाटे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी टोकदार हिरवे भाग. बघणाऱ्याला वाटतं खोड आहे, फांद्या आहेत, पानं आहेत. पण खाली कुठेही दुसरी फूट नाही, डोळा नाही, खोडाला असते तशी साल नाही. हे सगळं मिळून एकच पान आणि तो दांडा म्हणजे त्या पानाचा देठ. हे एकदा डोक्यात बसलं की शोध एकदम सोपा होतो, कारण जमिनीतून थेट एकच एवढं मोठं पान काढणारी झाडं आपल्याकडे फार नाहीत. बहुतेक सगळ्यांना खाली कंद असतो.

मग सुरू झाली मतं. माळीदादा म्हणाले, "ताई, सापकांदा हाय हा, काढून टाकतो, याच्याजवळ साप येतो." आता साप आमच्याकडे तसेही येतात, मागे रान आहे म्हटल्यावर येणारच, त्यांना कांद्याचं आमंत्रण लागत नाही. शेजारच्या काकू, मूळच्या अलिबागच्या, भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "अगं सुरण असेल, कंपोस्टात साल टाकली असशील तू." नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "गांजा तर नाही ना?" (नाही. गांजाच्या पानाशी याचा काही संबंध नाही, पण आमच्याकडे कुठलंही फाटलेलं पान दिसलं की हा प्रश्न येतो.) आणि ॲप काय म्हणालं? वरून काढलेला फोटो दिला तर सुरण, बाजूने काढलेला दिला तर कोंजॅक, संध्याकाळच्या उजेडातला दिला तर देवकांदा. कोंजॅक म्हणजे जपानी लोक ज्याच्या कंदाच्या वड्या आणि शेवया करून खातात ते, ते नेरळला कुठून येणार. पण एक गोष्ट लक्षात घ्या, सुरण आणि कोंजॅक एकाच वंशातले, ॲमॉर्फोफॅलस. म्हणजे ॲप घरापर्यंत बरोबर घेऊन गेलं होतं, फक्त कुठलं दार वाजवायचं ते त्याला कळत नव्हतं. माझ्या मते ॲपकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, कूळ आणि वंश, त्यापुढे आपण बसायचं.

मग मी बसले. सापकांदा पहिला कटाप झाला. सापकांदा म्हणजे अरिसेमा, तोही अळूच्याच कुळातला, पावसाच्या सुरुवातीला घाटात दिसतो, फूल नागाच्या फण्यासारखं पुढे वाकलेलं, त्यावरून नाव. पण आपल्याकडे जो नेहमी दिसतो त्याच्या पानाच्या सगळ्या पाकळ्या देठाच्या टोकाला एकाच ठिकाणाहून चारी दिशांना निघतात. इथे तसं नव्हतं, आधी तीन फाटे, मग त्यांना फाटे. देवकांद्याचं पान वरून बघितलं तर हुबेहूब असंच फाटलेलं, तिथे फसायला होतं खरं, पण त्याच्या देठावर उभ्या रेघा, शिरा उठलेल्या असतात. आमचा दांडा एकदम गुळगुळीत.

राहिला सुरण. काकूंच्या थिअरीत एक अडचण होती, आमच्या घरात सुरण येतच नाही कारण नवऱ्याचा घसा खाजतो. पण ते सोडा, पुरावा दांड्यावरच होता. आमच्याच गल्लीत एकांनी कुंपणाला सुरण लावलाय, गावाकडून आणलेला जुना, तिथे जाऊन मी देठावरून बोट फिरवलं. खरखरीत. बारीक बारीक फोड आल्यासारखे उंचवटे, डोळ्याने कमी दिसतात पण बोटाला लगेच कळतात. परत येऊन आमच्यावर बोट फिरवलं तर ठिपके नुसते रंगाचे, हाताला काहीच लागत नाही. (देठ मोडलेला नसेल तर हात लावायला हरकत नाही, चीक लागला की मात्र खाज सुटते.) लागवडीचे काही सुरण कमी खरखरीत असतात म्हणे, त्यामुळे एवढ्यावरून शपथ घ्यायची माझी तयारी नव्हती. पण संशय पक्का झाला की हा सुरणाचा कुणीतरी रानटी चुलतभाऊ आहे.

पुढचं ठरवायला फूल हवं होतं आणि फुलाचा पत्ता नाही. पावसाळाभर ते एकच पान उभं, दुसरं पान नाही, कळी नाही. दसरा झाला, पाऊस गेला, तसं ते पिवळं पडलं, देठ मधूनच मऊ होऊन वाकला आणि दिवाळीच्या आधी सगळं आडवं. माळीदादा खूश. मी त्या जागेभोवती चार विटा ठेवल्या आणि सांगितलं, इथे कुदळ घालायची नाही, खाली कांदा आहे. हिवाळाभर तिथे काही नाही, उन्हाळ्यात माती भेगाळली तरी काही नाही. घरच्यांनी माझ्या विटांची यथेच्छ टिंगल केली, एकदा तर कुणीतरी त्यावर अगरबत्ती लावून ठेवली होती.

मे संपता संपता, वळवाचे दोन चांगले शिडकावे झाल्यावर, विटांच्या मधोमध एक टोक दिसलं. पान नव्हतं हे. तपकिरी जांभळट, टोकदार, घट्ट मिटलेलं. रोज थोडं वर. खाली ठिपक्यांचाच दांडा, पण गेल्या वर्षीपेक्षा बारीक. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी ते उघडलं आणि कुळाचा तरी प्रश्न कायमचा मिटला, कारण अळूचं कूळ फुलावरून कुणालाही ओळखता येतं. तुमच्या हॉलमधलं अँथुरियम किंवा पीस लिली आठवा. एक मोठं पानासारखं आवरण आणि त्याच्या मधून उभी एक दांडी. आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नाहीच, खरी फुलं त्या दांडीवर खाली चिकटलेली, दाण्याएवढी.

मी टॉर्च घेऊन उकिडवी बसले. आवरण मळकट जांभळं तपकिरी, होडीच्या आकाराचं, अरुंद. आत दांडीच्या बुडाशी गोलसर हिरवट जांभळे दाणे, एकाला एक खेटून, ती मादी फुलं. त्यांच्या वर पिवळसर दाण्यांचा पट्टा, ती नर फुलं. आणि त्याच्यावर नुसती लांबच लांब, गुळगुळीत, काळपट जांभळी शेपटी, हिच्यावर एकही फूल नाही, हिचं काम फक्त वास सोडायचं.

आणि वास! संध्याकाळी सहाच्या सुमाराला शेजारून फोन, तुमच्याकडे उंदीर मेलाय का, एसीच्या मागे बघा. कुजलेल्या मासाचा वास हा, गंधकाची संयुगं असतात त्यात. माश्या आणि छोटे भुंगेरे हे शिळं मांस समजून येतात, दाण्यांवर फिरतात, परागकण घेऊन जातात. पहिल्या दिवशी मादी फुलं तयार असतात आणि नर फुलं परागकण सोडतात ते नंतर, त्यामुळे स्वतःचेच परागकण स्वतःला लागायची सोय नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी यावंच लागतं. या कुळातली काही फुलं तर वास लांब जावा म्हणून चक्क तापतात. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७७८ मध्येच अरम या युरोपातल्या, याच कुळातल्या झाडात ही ऊब नोंदवली होती. आणि हे तापणं सुरू कशाने होतं ते १९८७ साली कळलं, सॅलिसिलिक ॲसिड, ॲस्पिरिनचं जवळचं नातलग. आमचं फूल तापलं होतं का ते हात लावून बघायचा माझा विचार होता पण नाक धरून एका हाताने टॉर्च आणि तिसरा हात कुठून आणू.

खानदान मात्र दांडगं आहे. सुमात्राच्या जंगलात बेक्कारी नावाच्या इटालियन माणसाला १८७८ मध्ये जे राक्षसी फूल सापडलं, दहा फुटांपर्यंत जाणारं, ज्याच्यासाठी परदेशातल्या बागांबाहेर लोक रांगा लावतात, ते याच वंशातलं. १८८९ ला लंडनच्या क्यू गार्डनमध्ये ते फुललं तेव्हाही गर्दी झाली होती. आमच्याकडे एकच माणूस आला, शेजारचा, उंदीर शोधायला.

आता शेवटचं कोडं, नक्की कोणता. सुरणाचं फूल मी फोटोत बघितलं होतं, ते बुटकं, जाड, घंटेसारखं रुंद पसरलेलं, मधे सुरकुतलेला जांभळा गोळा, जमिनीला टेकल्यासारखं बसतं. आमचं उंच दांड्यावर, सडपातळ, लांब शेपटीचं. म्हणजे सुरण बाद. माझ्याकडे एक नाव तयार होत होतं पण ते पक्कं केलं वेगळ्याच व्यक्तीने.

जूनमध्ये आमच्या गल्लीत एक कातकरी मावशी टोपली घेऊन येतात. करवंदं संपलेली असतात, मग रानभाज्या. त्या दिवशी टोपलीत तपकिरी, निमुळत्या, मिटलेल्या कांड्यांच्या जुड्या होत्या आणि सोबत पानाच्या द्रोणात छोटी हिरवी आंबट फळं. हे मी आधीही बाजारात पाहिलेलं, कल्याणला, ठाण्याला स्टेशनबाहेर, पण ते कशाचे कोंब असतात हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मावशींना मी मागे घेऊन गेले. त्यांनी वाकूनसुद्धा बघितलं नाही, चार पावलांवरूनच, "शेवळा हाय ना ही. फुलून गेली. वाया गेली, बाय."

आणि मग टोपलीतली एक कांडी काढून तिचं आवरण नखाने उलगडून दाखवलं. आत सगळं तेच, खाली दाणे, पिवळा पट्टा, वर जांभळी शेपटी, फक्त मिटलेलं आणि लहान. बाजारात येतं ते न उमललेलं, माझ्या अंगणात होतं ते उमललेलं, आणि त्या दोन्हींच्या मधे मी इतकी वर्षं उभी. मावशींनी सांगितलं की उमललं, वास सुटला की कुणी खात नाही, म्हणून पाऊस पडायच्या बेतात पहाटे रानात जावं लागतं. मी विचारलं पानावरून ओळखता का, तर म्हणाल्या पान येतं तेव्हा आमचं काम संपलेलं असतं, पण जागा पानावरूनच लक्षात ठेवायची, दांड्यावर हात फिरवायचा, गुळगुळीत तो शेवळा. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

शास्त्रीय नाव ॲमॉर्फोफॅलस कम्युटेटस, एंगलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये या वंशात आणून बसवलेलं. आपल्या पश्चिम घाटातलं झाड, ठाणे रायगडच्या स्वयंपाकघरांत अगदी ओळखीचं, फक्त लातूरच्या बाईला नवीन. वर्णन फुलाशी जुळवून घेतलं, उंच दांडा, होडीसारखं आवरण, लांब शेपटी, गुळगुळीत देठ. सगळं बसलं.

खायचं म्हणाल तर इथे थोडं गंभीर होते. ॲपने नाव सांगितलं म्हणून कुठलाही कंद किंवा कोंब कढईत टाकू नका. या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कच्चं किंवा नीट न केलेलं खाल्लं तर ते जिभेत घशात रुततात, सूज येते, आग होते. कुत्री मांजरं चावली तर त्यांनाही. ज्यांच्या घरात शेवळं पिढ्यान् पिढ्या होतात त्यांनाही ती सांभाळूनच करावी लागतात. काकू तर शेवळं नाव ऐकून लगबगीने आल्याच, आदल्या वर्षीचं सुरण वगैरे सगळं विसरून. त्यांनी केली ती पद्धत अशी, हाताला तेल लावायचं, वरचं आवरण निवडायचं, आतला पिवळा भाग खरवडून टाकून द्यायचा कारण खाज तिथे सगळ्यात जास्त, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, आणि ती द्रोणातली फळं, काकडं म्हणतात, ती ठेचून पाण्यात कोळून तो रस घालायचा. काकड हे वेगळंच मोठं झाड, त्याची फळं बरोबर शेवळांच्याच वेळी तयार असतात, म्हणून मावशी दोन्ही एकत्रच विकतात, काकडांशिवाय शेवळं घेणारं गिऱ्हाईक त्यांना नवखं वाटतं. काकडं नाही मिळाली तर चिंच. मग वाटण, आणि त्यात कोणी खिमा घालतं, कोणी कोलंबी, कोणी वाल. काकूंनी कोलंबी घातली. घरभर काकूंचंच राज्य होतं त्या दिवशी, मला फक्त "ढवळ" आणि "आता नको ढवळू" एवढंच.

चव? लोक मटणाच्या जवळ नेऊन ठेवतात, मला तेवढं वाटलं नाही. दाट, थोडी तुरट, मसाला धरून ठेवणारी. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर जास्त चांगली लागली. नवऱ्याचा घसा खाजला नाही, पण तो प्रत्येक घासाला थांबून वाट बघत होता त्यामुळे जेवायला तासभर लागला.

तुमच्याकडे असं काही उगवलं तर एक करा, फोटो फक्त वरून पानाचा काढू नका, देठाचा जवळून काढा, जमिनीतून कुठे निघतो तिथला काढा, शेजारी पट्टी नाहीतर पेन ठेवा म्हणजे माप कळेल, आणि महिना लिहून ठेवा. कंद उकरून बघायची घाई नको, तो खाली असतोच.

आमचं फूल दोनेक दिवसांत मान टाकून पडलं, वास गेला, शेजाऱ्यांनी एसी पुन्हा लावला. बुडाचे दाणे मात्र टिकलेत, हिरवे आहेत, फुगतायत, आणि त्यात बी धरेल असं दिसतंय. शेजारीच एक छोटं ठिपक्यांचं पान पण वर आलंय. काकूंनी पुढच्या जूनसाठी आत्ताच नंबर लावलाय, उमलायच्या आधी मला हाक मार म्हणून. मी नाही म्हटलंय. फूलच खुडलं तर बी कुठून येणार, भिंतीपलीकडचं रान काही फार दिवसांचं सोबती नाही, आणि खायला मावशींकडून घेऊ की विकत. काकू सध्या जरा फुगल्यात माझ्यावर, परवा कोथिंबीर मागितली तर संपली म्हणाल्या.